अपोलो १३ : गोष्ट टाकीपासून सांगा

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

अपोलो १३ या चांद्रमोहिमेवर मराठीत अधूनमधून लिहिले जाते. मोहीम फसली, पण जिम लव्हेल, जॅक स्वायगर्ट आणि फ्रेड हेझ हे तिन्ही अंतराळवीर १७ एप्रिल १९७० रोजी सुखरूप परतले, एवढा भाग सगळीकडे बरोबर असतो. मात्र गोष्ट बहुतेक वेळा ऑक्सिजनच्या टाकीच्या स्फोटाच्या आवाजापासून सुरू होते, हवा शुद्ध करण्यासाठी वापरलेल्या चिकटपट्टी आणि पायमोज्यापाशी रेंगाळते आणि दैव बलवत्तर होते म्हणून निभावले, अशा वाक्यावर थांबते. आमची तक्रार या मांडणीबद्दल आहे. स्फोट अंतराळात झाला खरा, पण त्याची पूर्वतयारी पाच वर्षे आधी कागदावर आणि दोन आठवडे आधी उड्डाणतळावर झाली होती. परतीचा प्रवासही पाणी आणि विजेच्या काटेकोर हिशेबावर झाला. हे दोन्ही भाग गाळले, तर या मोहिमेतून शिकण्यासारखे फारसे काही हाती लागत नाही.

आधी टाकी. सर्व्हिस मोड्यूलमध्ये, म्हणजे मोठे इंजिन आणि हवा-विजेचे साठे असलेल्या यानाच्या मागच्या भागात, ऑक्सिजनच्या दोन गोल टाक्या होत्या. प्रत्येकीत सुमारे १४५ किलो अतिथंड ऑक्सिजन, दाब चौरस इंचाला सुमारे ९०० पौंड, म्हणजे वातावरणाच्या साधारण साठ पट. या अवस्थेत ऑक्सिजन ना धड द्रव असतो, ना धड वायू. वजनरहित अवस्थेत त्याचे कमीजास्त घनतेचे थर बनतात आणि साठा दाखवणारे मापक चुकू लागते. म्हणून आत ढवळण्यासाठी दोन पंखे होते. ऑक्सिजन वापरला गेला तरी दाब टिकावा म्हणून हीटर होता. हीटर फार तापू नये म्हणून त्यावर दोन थर्मोस्टॅट होते. तापमान सुमारे २७ अंश सेल्सिअसवर गेले की त्यांचे संपर्कबिंदू उघडून वीज तुटायची. पंख्यांच्या तारांना टेफ्लॉनचे आवरण होते आणि त्या हीटरला लागून असलेल्या अरुंद नळीतून जात होत्या. टाकी एकदा बंद झाली की त्या तारा डोळ्यांनी तपासण्याची सोय नव्हती.

यानातली वीज २८ व्होल्टची, त्यामुळे थर्मोस्टॅटही २८ व्होल्टसाठीच बनवलेले. उड्डाणतळावर मात्र टाकीचा दाब लवकर वाढवता यावा म्हणून ६५ व्होल्ट देण्याचे ठरले. १९६५ मध्ये मुख्य कंत्राटदार नॉर्थ अमेरिकनने तशी सुधारित मागणी टाकी बनवणाऱ्या बीच एअरक्राफ्टला कळवली. बीचने हीटरच्या बाकीच्या भागांत बदल केला, थर्मोस्टॅट तसेच राहिले. हे नॉर्थ अमेरिकनच्या लक्षात आले नाही आणि नासाच्याही नाही. याचे कारण नीट समजून घेण्यासारखे आहे. टाकी थंडगार ऑक्सिजनने भरलेली असताना हीटर कधीच २७ अंशांपर्यंत जात नाही. म्हणजे थर्मोस्टॅटला उघडण्याची वेळच येत नाही. बंद संपर्कबिंदूंतून ६५ व्होल्टचा प्रवाह विनातक्रार वाहतो. तो तोडताना ठिणगीची कमान धरते आणि बिंदू वितळून एकमेकांना चिकटतात. ६५ व्होल्टवर थर्मोस्टॅट उघडून पाहण्याची चाचणी कुठल्याच यादीत नव्हती. त्यामुळे आधीच्या उड्डाणांतही ही उणीव उघड झाली नाही.

या विशिष्ट टाकीचा आणखी एक इतिहास होता. ती मूळ अपोलो १० साठी बसवलेली. दुरुस्तीसाठी ती ज्या फळीवर होती ती फळी २१ ऑक्टोबर १९६८ रोजी बाहेर काढताना एक बोल्ट काढायचा राहिला. उचलण्याचे साधन मोडले आणि फळी सुमारे पाच सेंटीमीटर खाली आदळली. बाहेरून काही दिसले नाही, तपासण्या झाल्या आणि टाकी अपोलो १३ मध्ये बसली. आतली भरणनळी बहुधा याच धक्क्याने सैल झाली असावी.

ही सैल नळी मार्च १९७० मध्ये उड्डाणाच्या रंगीत तालमीत आडवी आली. तालमीनंतर टाक्या अंशतः रिकाम्या करायच्या होत्या. पद्धत अशी की वायूनळीतून वायुरूप ऑक्सिजन आत ढकलायचा आणि त्याच्या दाबाने द्रव भरणनळीतून बाहेर काढायचा. पहिली टाकी ठरल्याप्रमाणे निम्म्यावर आली. दुसरी ९२ टक्क्यांवरच अडकली, कारण आत ढकललेला वायू द्रवाला न ढकलता सैल जोडातून परस्पर बाहेर पडत होता. फळी बदलायची तर किमान ४५ तास लागणार होते आणि त्या खटपटीत दुसरे काही बिघडण्याची भीती होती. शिवाय भरणनळीचा उड्डाणात काही उपयोग नसतो, तेव्हा ती सैल असली तरी काय बिघडते, असा विचार झाला. तो विचार तेवढ्यापुरता चुकीचा नव्हता. चूक पुढच्या पावलात होती. ऑक्सिजन उकळून बाहेर काढायचा म्हणून हीटर ६५ व्होल्टवर तब्बल आठ तास चालू ठेवला.

ऑक्सिजन कमी होत गेला, हीटर तापला, थर्मोस्टॅट पहिल्यांदाच उघडू लागले आणि जागीच चिकटून बसले. यानंतर हीटरच्या नळीचे तापमान काही ठिकाणी सुमारे ५४० अंश सेल्सिअसपर्यंत गेले असावे, असे चौकशी मंडळाने नंतर प्रयोगांवरून दाखवले. टेफ्लॉन करपले, तडकले, काही ठिकाणी तारा उघड्या पडल्या. समोरच्या तापमापकाची पट्टी २७ अंशांच्या आसपासच संपत होती. काटा शेवटच्या खुणेवर टेकला, तो त्याहून वर दाखवूच शकत नव्हता. पण त्याच खोलीत हीटरचा विद्युतप्रवाह दाखवणारे मापक होते. थर्मोस्टॅट चालत असते तर प्रवाह मधूनमधून शून्यावर यायला हवा होता. आठ तास तो अखंड राहिला. ही खूण तेव्हाच पाहता आली असती, असे मंडळाच्या अहवालात स्पष्ट लिहिले आहे. एडगर कॉर्टराइट यांच्या अध्यक्षतेखालच्या या मंडळाने १५ जून १९७० रोजी अहवाल दिला. एवढ्या मोठ्या अपघाताचे मूळ दोन महिन्यांत थर्मोस्टॅटपर्यंत शोधून काढणारे ते काम आम्हाला परतीच्या प्रवासाइतकेच मोलाचे वाटते.

११ एप्रिलला उड्डाण झाले. दुसऱ्या टप्प्याचे मधले इंजिन जोरदार कंपनांमुळे सुमारे दोन मिनिटे आधी बंद पडले, पण उरलेली चार इंजिने जास्त वेळ चालवून ती कसर भरून निघाली. प्रवासात दुसऱ्या टाकीचे साठामापक बिघडले, म्हणून जमिनीवरून नेहमीपेक्षा जास्त वेळा ऑक्सिजन ढवळायला सांगितले जात होते. उड्डाणानंतर जवळपास ५६ तासांनी, पृथ्वीपासून सुमारे ३,३०,००० किलोमीटरवर असताना स्वायगर्ट यांनी पंखे चालू केले. साधारण दीड मिनिटाने धमाका ऐकू आला. उघड्या तारेत ठिणगी पडली, शुद्ध ऑक्सिजनमध्ये टेफ्लॉन पेटले, दाब १००८ पौंडांपर्यंत चढला आणि टाकी फुटली. या टाक्या असलेल्या चौथ्या कप्प्याचे अख्खे बाह्य आवरण उडून गेले. धक्क्याने पहिल्या टाकीलाही गळती लागली.

ऑक्सिजन गेला म्हणजे नुसता श्वास गेला असे नाही, हे मराठी लेखांत क्वचितच नीट येते. सर्व्हिस मोड्यूलमधले तीन इंधनघट हायड्रोजन आणि ऑक्सिजनपासून वीज बनवत आणि त्यातूनच पिण्याचे व यंत्रे थंड ठेवण्याचे पाणी मिळे. म्हणजे एका टाकीमुळे हवा, वीज आणि पाणी तिन्ही संकटात आली. दोन घट काही मिनिटांत बंद पडले. गळती कदाचित घटांतूनच होत असेल म्हणून ह्यूस्टनमधले वीज आणि हवेची यंत्रणा पाहणारे नियंत्रक सी लीबरगॉट यांनी त्यांच्या झडपा बंद करायला सांगितल्या. त्या एकदा बंद केल्या की उड्डाणात पुन्हा उघडता येत नसत. चंद्रावर उतरणे त्या आदेशाबरोबरच संपले. गळती मात्र थांबली नाही.

कमांड मोड्यूल ओडिसीमध्ये, म्हणजे अंतराळवीर ज्यात बसून पृथ्वीवर परततात त्या भागात, आता फक्त वातावरणात शिरतानासाठी राखलेल्या तीन बॅटऱ्या होत्या, प्रत्येकी ४० अँपिअर-तासांच्या. त्या संपल्या तर पॅराशूटही उघडले नसते. म्हणून ओडिसी पूर्ण बंद करून तिघे अ‍ॅक्वेरियस या चंद्रावर उतरण्यासाठीच्या जोडयानात (उतरण यानात) गेले. जाण्यापूर्वी एक काम होणे अत्यावश्यक होते. यानाची दिशा सांगणाऱ्या यंत्रणेचे कोन ओडिसीतून वाचून अ‍ॅक्वेरियसच्या यंत्रणेत भरायचे होते. दोन्ही याने तोंडाला तोंड लावून जोडलेली असल्याने आकडे जसेच्या तसे चालत नव्हते, बेरीज-वजाबाकी करावी लागत होती. लव्हेल यांनी ती हाताने केली आणि जमिनीवरून तपासून घेतली. हे राहिले असते तर पुढचे कुठलेही इंजिन नेमक्या दिशेने चालवणे फार कठीण झाले असते. यानाभोवती तुकड्यांचा एवढा कचरा चमकत होता की खरा तारा ओळखून दिशा नव्याने ठरवणे अशक्य होते. नंतर सूर्याचा वेध घेऊन पाहिले तेव्हा ते कोन अपेक्षित एका अंशाच्या आतच निघाले.

तिथूनच मागे का वळले नाहीत, हा प्रश्न वाचक नेहमी विचारतात. सरळ वळायचे तर सर्व्हिस मोड्यूलचे मोठे इंजिन वापरावे लागले असते आणि वजन कमी करण्यासाठी अ‍ॅक्वेरियस सोडून द्यावे लागले असते. ते इंजिन स्फोटाच्या कप्प्याला लागून होते, त्याची अवस्था कुणालाच माहीत नव्हती. उड्डाण संचालक जीन क्रान्झ यांनी चंद्राला वळसा घालून येण्याचा निर्णय घेतला. मात्र यान आपोआप परत आणणाऱ्या मार्गावर राहिलेले नव्हते. चंद्रावरील फ्रा मौरो या ठिकाणी उतरता यावे म्हणून तो मार्ग आदल्याच दिवशी सोडला होता. तेव्हा अ‍ॅक्वेरियसचे उतरणीचे इंजिन ६१ व्या तासाला सुमारे ३४ सेकंद चालवून यान पुन्हा परतीच्या मार्गावर आणले. चंद्राला २५४ किलोमीटरवरून वळसा घातल्यानंतर दोन तासांनी तेच इंजिन ४ मिनिटे २४ सेकंद चालवले. त्यामुळे वेगात सेकंदाला सुमारे २६२ मीटरचा फरक पडला, प्रवास दहा तासांनी कमी झाला आणि उतरण्याची जागा हिंदी महासागराऐवजी शोधजहाजे तैनात असलेल्या पॅसिफिकमध्ये आली. जोडलेल्या स्थितीत हे इंजिन चालते की नाही, याची चाचणी मार्च १९६९ मध्ये अपोलो ९ ने पृथ्वीभोवतीच्या कक्षेत घेतलेली होती. ऐनवेळच्या कल्पकतेइतकाच हा आधीचा कंटाळवाणा सराव कामी आला.

आता हिशेबाचा भाग. अ‍ॅक्वेरियस दोन माणसांना सुमारे ४५ तास पुरेल असे बनवलेले, आणि ते तिघांना जवळपास ९० तास पुरवायचे होते. ऑक्सिजनची चिंता नव्हती. चंद्रावर फिरण्यासाठीचा साठा जसाच्या तसा होता. वीज सहा बॅटऱ्यांत मिळून २१८१ अँपिअर-तास होती. उतरणीचे इंजिन दुसऱ्यांदा चालवून झाल्यावर संगणकासह जवळजवळ सगळे बंद करून वापर सुमारे १२ अँपिअरवर आणला. खरी टंचाई पाण्याची. उतरण यानातली विद्युतयंत्रे थंड ठेवण्यासाठी पाणी निर्वातात सोडले जाई, त्याचा बर्फ होऊन तो उडून जाई आणि उष्णता घेऊन जाई. म्हणजे जितकी वीज जास्त, तितके पाणी जास्त. हेझ यांचा पहिला हिशेब असा निघाला की पाणी पृथ्वीवर पोहोचण्याच्या पाच तास आधी संपेल. तरी त्यांना धीर होता, कारण अपोलो ११ च्या उतरण यानाचा वरचा भाग चंद्राजवळ सोडून दिल्यानंतर त्याची यंत्रे थंडाव्याशिवाय सात-आठ तास चालल्याची नोंद होती. तिघांनी पिण्याचे पाणी प्रत्येकी रोज पावणेदोनशे मिलिलिटरपर्यंत उतरवले, म्हणजे नेहमीच्या पाचव्या हिश्श्यावर. हेझ यांना मूत्रमार्गाचा संसर्ग झाला, तिघांची मिळून वजने सुमारे १४ किलोंनी उतरली. शेवटी सुमारे १५३ लिटरपैकी १३ लिटरच्या आसपास पाणी आणि विजेचा साधारण पाचवा हिस्सा शिल्लक राहिला.

पायमोज्याबद्दल आता. श्वासातला कार्बन डायऑक्साइड शोषणारे लिथियम हायड्रॉक्साइडचे डबे दोन्ही यानांत होते, पण उतरण यानातले गोल आणि ओडिसीतले चौकोनी. दोन याने दोन कंपन्यांनी बनवली आणि डबे अदलाबदलीचे असावेत अशी अट कुणी घातलेली नव्हती. नासाचे अभियंते एड स्मायली यांच्या गटाने ह्यूस्टनमध्ये जोडणी तयार करून तपासली आणि मग एकेक पायरी तोंडी सांगितली. चौकोनी डब्याभोवती चिकटपट्टी चिकट बाजू बाहेर ठेवून गुंडाळायची. डब्याच्या वरच्या तोंडावर पुठ्ठ्याची कमान बसवायची, नाहीतर हवा ओढली जाताना प्लास्टिकची पिशवी आत खेचली जाऊन तोंड बंद होते. त्यावर पिशवी चढवून कडा पट्टीने सील करायच्या. पिशवीला भोक पाडून अंतराळपोशाखाची लाल, म्हणजे हवा ओढून घेणारी नळी आत सरकवायची. डब्याच्या तळाशी मधोमध एक छिद्र असते, ते मोज्याने किंवा फडक्याने बुजवायचे, म्हणजे हवा रसायन टाळून आडमार्गाने जाणार नाही. अशा दोन जोडण्या केल्या. कार्बन डायऑक्साइडचा दाब पाऱ्याच्या १४.९ मिलिमीटरपर्यंत चढला होता, तो पुढे ०.१ ते १.८ च्या दरम्यान राहिला. काम उत्तम झाले. पण ते जमले याचे कारण यानात कोणती वस्तू कुठे आहे याची नेमकी यादी जमिनीवर होती आणि वर सांगण्याआधी जोडणी करून पाहिली गेली होती.

परतीच्या वाटेवर यान हळूहळू वातावरणाकडे फारच सपाट कोनात जाऊ लागले. शिरण्याचा कोन सुमारे साडेसहा अंश हवा होता. कोन सपाट झाला तर यान वातावरणाला चाटून निघून जाते. या सरकण्याचे कारण नंतर कळले. थंडाव्यासाठी उडून जाणारी तीच वाफ यानाला अखंड, अगदी सूक्ष्म ढकलत होती. सुधारणेसाठी संगणक चालू करायला वीज खर्ची घालायची नव्हती. लव्हेल यांनी खिडकीतल्या खुणेवर पृथ्वीची दिवस-रात्र सीमारेषा धरली, हेझ यांनी वर-खाली झोक सांभाळला, स्वायगर्ट यांनी मनगटी घड्याळावर सेकंद मोजले आणि इंजिन दहा टक्के जोरावर १४ सेकंद चालवले.

ओडिसी तोवर सुमारे तीन अंश सेल्सिअसपर्यंत थंडगार झाली होती आणि तिच्या भिंतींवर, फलकांवर, तारांवर दव साचले होते. वीज सुरू करताना कुठेही शॉर्टसर्किट झाले नाही, कारण १९६७ मधल्या अपोलो १ च्या आगीनंतर तारांचे आवरण आणि जोड नव्याने केले होते. ओडिसीच्या तीन बॅटऱ्यांपैकी वापरली गेलेली एक अर्ध्यावर होती. दोन यानांमधल्या ज्या तारेने एरवी ओडिसी अ‍ॅक्वेरियसला वीज देते, त्याच तारेने उलट दिशेने वीज घेऊन ती पुन्हा भरली. थंड पडलेले यान कोणत्या क्रमाने सुरू करायचे, ही यादी ह्यूस्टनमधले नियंत्रक जॉन आरन यांनी प्रत्येक उपकरणाचा अँपिअर मोजून आखली. जमिनीवर मोजमापे पाठवणारी यंत्रणा त्यांनी मुद्दाम सर्वांत शेवटी ठेवली, कारण तिचा खर्च आधी परवडत नव्हता. म्हणजे बरीचशी बटणे परिणाम न पाहता दाबायची होती. जमिनीवर असलेले अंतराळवीर केन मॅटिंग्ली यांनी तो क्रम प्रतिरूप यानात करून पाहिला. एरवी तीन महिने लागणारे हे लेखन तीन दिवसांत झाले.

नशिबाचा वाटा होता, तो नाकारायचे कारण नाही. हाच स्फोट उतरण यान चंद्राच्या पृष्ठभागावर असताना किंवा ते सोडून दिल्यावर झाला असता, तर वाचवायला काही उरले नसते. डिसेंबर १९६८ मध्ये अपोलो ८ तर उतरण यानाशिवायच चंद्राला जाऊन आले होते. पण नशिबाने फक्त वेळ दिली. त्या वेळेत काय करायचे ते आकड्यांनी ठरवले.

पुढच्या यानात काय बदलले, हेही लेखांत यावे. टाकीतले पंखे काढून टाकले, तारांना स्टेनलेस स्टीलचे आवरण दिले, तिसरी ऑक्सिजन टाकी दुसऱ्या कप्प्यात वेगळी ठेवली, ४०० अँपिअर-तासांची एक जादा बॅटरी आणि सुमारे १९ लिटर पिण्याचे पाणी राखीव ठेवले. हे सगळे बसवूनच अपोलो १४ फेब्रुवारी १९७१ मध्ये फ्रा मौरोला उतरले.

आपल्याला विनंती एवढीच की यापुढे या मोहिमेवर लेख छापाल तेव्हा त्यासोबत टाकीची एक छेदाकृती द्यावी. तीत हीटरची नळी, तिच्यावरचे दोन थर्मोस्टॅट, शेजारून जाणाऱ्या पंख्यांच्या तारा आणि भरणनळीचा सैल झालेला जोड एवढे चार भाग नावानिशी दाखवावेत, आणि थर्मोस्टॅटच्या बाजूला त्याची क्षमता २८ व्होल्ट व उड्डाणतळावर दिलेली वीज ६५ व्होल्ट, असे दोन्ही आकडे लिहावेत.

आपले,
काही अभियंता वाचक